लांब पल्ल्याच्या हवाई मार्गांवरील थांब्यांची निवड : लंडन–हिंदुस्थान मार्गाच्या आधारे एक विवेचन

१. विषयप्रवेश

हवाई वाहतुकीच्या इतिहासावर जे लेखन झाले आहे, त्याचा मोठा भाग विमाने, वैमानिक आणि विक्रम यांनी व्यापलेला आहे. विमान कोठून निघाले व कोठे पोहोचले याची नोंद आस्थेने घेतली जाते. मध्यंतरी ते कोठे उतरले, आणि नेमके तेथेच का उतरले, या प्रश्नाकडे तितके लक्ष दिले जात नाही. वस्तुतः हा प्रश्न गौण नाही. मोहिमेच्या कागदपत्रांतील मुक्कामांच्या नोंदींवरून सैन्याचा मार्ग, रसदीची स्थिती आणि वाटेतील सत्ताधीशांशी असलेले संबंध यांचा उलगडा होतो, हे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस सांगावयास नको. हवाई कंपन्यांच्या जुन्या वेळापत्रकांकडेही त्याच दृष्टीने पाहता येते. वेळापत्रकातील थांब्यांची यादी वरवर रुक्ष दिसते. पण एखादे नाव त्या यादीत केव्हा आले आणि केव्हा गळाले याचा मागोवा घेऊ लागले की यंत्रशास्त्र, राजकारण व व्यापार यांचा परस्परसंबंध स्पष्ट होऊ लागतो.

प्रस्तुत लेखात लंडन–हिंदुस्थान या एकाच मार्गाचा प्रामुख्याने विचार केला आहे. या मार्गावरील थांबे तीन गोष्टींनी ठरत गेले असे दिसते. पहिली, विमानाचा पल्ला आणि त्यातून वाहून न्यावयाचा भार यांचे परस्परप्रमाण. दुसरी, ज्या भूमीवर उतरावयाचे त्या भूमीच्या सत्ताधीशाची अनुमती. आणि तिसरी, इंधनाव्यतिरिक्त तेथे उतरण्याजोगे काही प्रयोजन, म्हणजे प्रवासी, माल वा बाजार. पहिल्या दोन गोष्टींनी थांबा निर्माण होतो. परंतु तो टिकतो तो तिसरीमुळेच, असे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२. पल्ला आणि भार

थांब्यांचा प्रश्न विमानाबरोबर जन्मास आला, असे मात्र नाही. इ. स. १८३० च्या मार्च महिन्यात ‘ह्यू लिंडसे’ ही मुंबईस बांधलेली आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली, तेव्हा तिच्यापुढेही हीच अडचण होती. शिडाच्या जहाजास वारा फुकट मिळत असे. आगबोटीला आपले इंधन आपणच वाहून न्यावे लागे. कोळसा जास्त भरावा तर माणसांस व मालास जागा उरत नाही. कमी भरावा तर वाटेत तो मिळण्याची सोय हवी. त्या सफरीत एडन येथे कोळसा घेण्यात आला, आणि पुढे १८३९ मध्ये ते बंदर ब्रिटिशांनी ताब्यात घेतले. त्यानंतर जवळजवळ शतकभर एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता. कोळशाच्या एका थांब्याने इलाख्याची सीमा अरबस्तानापर्यंत नेली.

विमानाच्या बाबतीत हाच हिशेब अधिक कठोर झाला. विमान उडवावयाचे तर त्याचे एकूण वजन मर्यादेत राहिले पाहिजे. त्या मर्यादेत जितके पेट्रोल अधिक, तितके प्रवासी व टपाल कमी. म्हणून ‘हे विमान किती दूर जाऊ शकते?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘किती भार घेऊन किती दूर जाऊ शकते?’ असे विचारावयास हवे.

१९१९ साली रॉस स्मिथ व कीथ स्मिथ या बंधूंनी दोन यंत्रज्ञांसह व्हिकर्स व्हिमी जातीच्या विमानातून इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत प्रवास केला. १२ नोव्हेंबर रोजी हाउन्स्लो येथून निघून १० डिसेंबर रोजी ते डार्विन येथे पोहोचले. कैरो, दमास्कस, बसरा, बंदर अब्बास, कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता, अक्याब, रंगून, बँकॉक, सिंगापूर अशी त्यांच्या मुक्कामांची मालिका आहे. ती पाहिली म्हणजे पुढील वीस वर्षांतील हवाई मार्गाचा आराखडा तीत आधीच उतरलेला दिसतो. या उड्डाणापूर्वी पूर्वेकडील टप्प्यांची पाहणी रॉस स्मिथने जहाजातून जाऊन केली होती, ही गोष्ट लक्षणीय आहे. आकाशमार्ग आखण्यापूर्वी माणसाला समुद्रमार्गाने जाऊन जमीन शोधावी लागली. तरीही सुराबाया येथे विमानाची चाके चिखलात रुतली, आणि बांबूच्या चटया अंथरून त्यांवरून ते उडवावे लागले. नकाशावर टिंब देणे सोपे असते. त्या जागी कठीण जमीन, पेट्रोलचे पिंप आणि माणसांचे साहाय्य असेल तरच त्याला थांबा म्हणता येते.

नियमित वाहतुकीसाठी इंपीरियल एअरवेज कंपनीने पुढे वापरलेली हँडली पेज ४२ ही चार इंजिनांची विमाने ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाने जात आणि त्यांचा पल्ला सुमारे ८०० किलोमीटरांचा होता. प्रवाशांस त्यांत ऐसपैस बसावयास मिळे; परंतु दर चार-पाच तासांनी खाली उतरणे अपरिहार्य होते. रात्रीचे उड्डाण टाळावयाचे असल्यामुळे काही थांबे मुक्कामाचेही असत. म्हणजे पेट्रोलबरोबर बिछाना, अन्न आणि सुरक्षितता यांचीही व्यवस्था करावी लागे.

भाराचा त्याग करून पल्ला कोठवर वाढविता येतो, याचे टोकाचे उदाहरण दुसऱ्या महायुद्धात मिळते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि ऑस्ट्रेलियाचा जुना मार्ग तुटला. तेव्हा क्वांटास कंपनीने १९४३ पासून पर्थ ते सिंहलद्वीपातील कोग्गला असा प्रवास कॅटॅलिना जातीच्या जलविमानांतून वाटेत कोठेही न थांबता सुरू केला. एकेका उड्डाणास सत्तावीस ते तेहेतीस तास लागत, प्रवाशांना दोन सूर्योदय पाहावयास मिळत, आणि प्रवासी असत जास्तीत जास्त तीन. थांबा टाळण्याची ही किंमत युद्धकाळातच परवडू शकत होती.

३. अनुमतीचा प्रश्न

१३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातील पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण व अनन्य सार्वभौमत्व मान्य केले. समुद्राप्रमाणे आकाश सर्वांस खुले असावे, हा विचार त्यामुळे मागे पडला. जहाजास भर समुद्रातून कोणाचीही परवानगी न घेता जाता येते. विमानास मात्र उतरण्यासाठी तर राहोच, केवळ वरून जाण्यासाठीही अनुमती आवश्यक ठरली.

याचा प्रत्यक्ष परिणाम ३० मार्च १९२९ रोजी सुरू झालेल्या लंडन–कराची सेवेच्या रचनेत दिसतो. प्रवासी क्रॉयडन येथून विमानाने बाझेलपर्यंत जात. तेथून जिनोआपर्यंत आगगाडी. जिनोआहून जलविमानाने अलेक्झांड्रिया. आणि तेथून पुढे जमिनीवर उतरणाऱ्या विमानाने गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बुशहर, लिंगे, जास्क, ग्वादर या मार्गाने कराची. हा प्रवास सात दिवसांचा होता. ज्याला हवाई मार्ग म्हणावयाचे त्याच्या मध्यावर आगगाडीचा प्रवास असावा, ही विसंगती युरोपातील प्रवेशविषयक वादांतून व आल्प्सच्या अडसरातून उद्भवली होती. पुढे कित्येक वर्षे पॅरिस ते ब्रिंडिसी हा टप्पाही प्रवासी आगगाडीनेच काटीत.

बसऱ्यापासून पुढचा भाग आपल्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. इराणी आखाताचा उत्तर किनारा इराणचा, दक्षिण किनारा अरब शेखांचा. आरंभी इंपीरियल एअरवेजने इराणी किनारा स्वीकारला. परंतु रेझा शाहच्या राजवटीस ब्रिटिश विमानांची ही किनाऱ्यालगतची वर्दळ रुचत नव्हती. दिलेली अनुमती अल्प मुदतीची होती, आणि विमानांनी देशाच्या अंतर्भागातून जावे असा इराणचा आग्रह होता. उंच पर्वतांवरून जाणारा तो मार्ग त्या काळच्या विमानांस सोयीचा नव्हता. अखेर १९३२ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश विमाने अरबी किनाऱ्यावर गेली. बुशहर, लिंगे व जास्क ही नावे ब्रिटिश वेळापत्रकातून गळाली, आणि त्यांच्या जागी कुवेत, बहरीन व शारजा ही नावे आली.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. ॲमस्टरडॅमहून बटेव्हियाकडे जाणारी के. एल्. एम्. या डच कंपनीची विमाने त्यानंतरही इराणी किनाऱ्यानेच जात राहिली. १९३४ च्या ऑक्टोबरात झालेल्या लंडन–मेलबर्न शर्यतीत दुसरे आलेले ‘उइव्हर’ हे डच विमान जास्क येथे उतरले होते. आखात तेच, वारे तेच, विमानांचे पल्लेही फारसे भिन्न नव्हेत; तरी दोन कंपन्या समोरासमोरच्या किनाऱ्यांवर थांबत होत्या. आखाती राजकारणात इंग्रजांचे हितसंबंध खोल गुंतले होते. डचांचे तसे नव्हते. इराणला इंग्रजांविषयी जो संशय होता तो डचांविषयी नव्हता. थांब्यांचा नकाशा केवळ भूगोलावरून वाचता येत नाही, याचे इतके स्वच्छ प्रमाण क्वचितच मिळते.

४. शारजा : एका थांब्याचे चरित्र

अरबी किनारा निश्चित झाल्यावर नेमक्या जागेचा प्रश्न आला. बहरीनपासून ग्वादर सुमारे बाराशे किलोमीटर दूर आहे. आठशे किलोमीटर पल्ल्याच्या विमानास मध्ये एकदा उतरणे भागच होते. शारजापासून ग्वादर सुमारे ७०० किलोमीटर. तेव्हा त्या किनाऱ्यावर थांबा हवा, इतके गणिताने ठरविले. परंतु कोणत्या गावी, हे गणित सांगू शकत नव्हते. किनाऱ्यावरील सर्वच शेख या योजनेस अनुकूल नव्हते. विमानतळ आला म्हणजे त्यामागून इंग्रजांचा अधिकार येईल, अशी त्यांची शंका होती, आणि ती निराधार म्हणता येत नाही. अखेर २२ जुलै १९३२ रोजी शारजाचे शेख सुलतान बिन सक्र यांच्याशी करार झाला आणि ५ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘हॅनो’ नावाचे विमान तेथे प्रथम उतरले.

या कराराची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावयास हवी. आखातातील किनारपट्टीची उपजीविका मोत्यांवर चालत असे, आणि त्या मोत्यांची मोठी पेठ मुंबईस होती. जागतिक मंदी आणि जपानी संवर्धित मोती यांच्या दुहेरी आघाताने हा व्यापार याच सुमारास कोसळला. अशा वेळी दरमहा निश्चित मिळणारे भाडे ही सामान्य गोष्ट नव्हती. हे व्यवहार रुपयांत होत, कारण आखातात हिंदुस्थानचे चलन चालत असे. आणि बुशहर येथे बसणारा ब्रिटिश रेसिडेंट हिंदुस्थान सरकारचा अधिकारी होता. मोत्यांच्या मोबदल्यात येणारा रुपया आटला, तेव्हा विमानांच्या भाड्याच्या रूपाने रुपया येऊ लागला.

शारजास उभारलेले विसावागृह किल्ल्यासारखे तटबंदीचे होते आणि त्याच्या रक्षणासाठी शेखाचे पहारेकरी असत. वैमानिक व प्रवासी तेथे रात्र काढीत आणि उजाडताच पुढे निघत. या ठाण्याच्या जीवनावर १९३७ मध्ये ‘एअर आउटपोस्ट’ नावाचा एक इंग्रजी लघुपटही निघाला. चित्रपट पाहणाऱ्या इंग्रज प्रेक्षकास ते वाळवंटातील आपले एक ठाणे वाटले असणार. शेखाच्या बाजूने पाहता ते भाड्याने दिलेले एक घर होते. शेखाची अटळ अडचण अशी की भाडेकरू बलाढ्य होता. भाडेकरूचीही अडचण होती की त्या किनाऱ्यावर घराशिवाय त्याचे चालत नव्हते. दुर्बल सत्तेस बलिष्ठ सत्तेशी घासाघीस करण्याची संधी विमानाच्या अपुऱ्या पल्ल्याने दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

शेजारच्या दुबईने हा धडा लवकरच घेतला. १९३७ च्या जुलैमध्ये तेथील खाडीत जलविमाने उतरविण्याचा करार झाला. त्याचे भाडे दरमहा ४४० रुपये ठरले आणि पहारेकऱ्यांचे वेतन त्यातच धरले होते. पुढे काय होणार आहे याची त्या वेळी कोणास कल्पना असणे शक्य नव्हते.

५. हिंदुस्थानातील थांबे : कराची, मुंबई आणि राजसमंद

समुद्रमार्गाने हिंदुस्थानचे प्रवेशद्वार मुंबई होते. हवाई मार्गाने मात्र तो मान कराचीस मिळाला. पश्चिमेकडून येणाऱ्या विमानास कराची प्रथम लागते; तेथील भूमी सपाट आणि पाऊस अत्यल्प. उलट, मुंबई ही कराचीहून दिल्ली-कलकत्त्याकडे जाणाऱ्या सरळ रेषेच्या बाजूला पडते, आणि जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलमय होऊन निरुपयोगी ठरे. कराचीचे महत्त्व विमानांपुरतेच नव्हते. आर १०१ या प्रचंड वायुनौकेसाठी तेथे एक भव्य छपरी उभारण्यात आली होती आणि वाटेतील थांब्यासाठी इजिप्तमधील इस्माइलिया येथे मनोरा बांधला होता. ही वायुनौका ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये बोव्हे नजीक कोसळली. तीवरील ५४ जणांपैकी ४८ मृत्युमुखी पडले. ती छपरी आणि तो मनोरा दोन्ही रिकामेच राहिले. थांबा आधी आणि वाहन मागून, या क्रमाचे ते एक करुण स्मारक ठरले.

मुंबईचा हवाई टपालाशी संबंध जोडला तो १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. इंपीरियल एअरवेजने कराचीस आणलेले टपाल घेऊन जे. आर्. डी. टाटा यांनी आपले पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूस आणले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पावसाळ्यात जुहू बंद पडे तेव्हा या सेवेला पुण्याचा आश्रय घ्यावा लागे. शारजाचा पहिला थांबा आणि टाटांचे पहिले उड्डाण यांच्यात अवघ्या दहा दिवसांचे अंतर आहे. त्याच महिन्यात शारजा मुख्य मार्गावर आले आणि मुंबई त्या मार्गाच्या शाखेवर आली, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे.

कराचीच्या पूर्वेस संस्थानी मुलूख लागे. विमानविद्येची आवड असलेल्या महाराजा उमेदसिंहांच्या जोधपुरात इंग्रज, डच व फ्रेंच या तिन्ही कंपन्यांची विमाने थांबत असत. १९३७-३८ मध्ये इंपीरियल एअरवेजने पूर्वेकडील मुख्य मार्गावर एम्पायर जातीची जलविमाने आणली, तेव्हा धावपट्टीऐवजी शांत व विस्तीर्ण पाणी हवे झाले. मरुभूमीच्या कडेने जाणाऱ्या मार्गावर पाणी कोठून आणावयाचे? ते सापडले मेवाडात. सतराव्या शतकात महाराणा राजसिंहांनी बांधविलेला आणि ज्याच्या पाळेवर राजप्रशस्ती हा संस्कृत शिलालेख कोरलेला आहे, तो राजसमंद तलाव लंडन–सिडनी मार्गावरील एक थांबा बनला. त्यापुढचा थांबा होता वेळापत्रकात ‘माधोसागर’ या नावाने येणारा ग्वाल्हेरचा तलाव. राजसिंहांनी आपल्या प्रजेसाठी अडविलेल्या पाण्यावर अडीचशेहून अधिक वर्षांनी साउदॅम्प्टनचे टपाल उतरले. मात्र जलविमानांचे युग सरताच राजसमंदचे नाव वेळापत्रकातून पुसले गेले. तेथे विमान उतरण्याचे पाण्यावाचून दुसरे प्रयोजन नव्हते.

६. युद्धोत्तर काळ : तांत्रिक थांबा व व्यापारी थांबा

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या करारांनी अनुमतीच्या प्रश्नास नवे रूप दिले. आकाशावरील सार्वभौमत्व कायम राहिले; परंतु हक्कांची वर्गवारी करण्यात आली. न उतरता वरून जाण्याचा हक्क हा पहिला. इंधन वा दुरुस्ती यांसाठी, प्रवाशांची चढउतार न करता उतरण्याचा हक्क हा दुसरा. प्रवासी व माल यांची ने-आण करण्याचे हक्क त्यानंतरचे. हे पहिले दोन हक्क अनेक राष्ट्रांनी परस्परांस एका सामायिक कराराने देऊ केले. पुढचे हक्क मात्र दोन-दोन राष्ट्रांच्या वाटाघाटींवर सोडले गेले. या वर्गवारीमुळे तांत्रिक थांबा आणि व्यापारी थांबा हा भेद कायद्याच्या भाषेत स्पष्ट झाला.

एअर इंडिया इंटरनॅशनलच्या पहिल्या सेवेस हा भेद लावून पाहता येतो. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनीव्हा येथे थांबून लंडनला गेले. पंधरा वर्षांपूर्वी ज्या कराचीवाचून हिंदुस्थानचे हवाई टपाल चालत नव्हते, ती कराची या यादीत नाही. फाळणीने ती परराष्ट्रात गेली होती आणि विमानाच्या वाढलेल्या पल्ल्यामुळे तेथे उतरण्याची निकडही उरली नव्हती. मुंबई प्रथमच शाखेवरून मुख्य मार्गावर आली.

आता अंतरे पाहू. मुंबई ते कैरो हे अंतर चार हजार किलोमीटरांहून अधिक आहे. कैरो ते लंडन सुमारे साडेतीन हजार. पहिला टप्पा जे विमान एका दमात काटते, त्याला केवळ अंतराच्या हिशेबाने दुसऱ्या टप्प्यात जिनीव्हास उतरण्याचे कारण नव्हते; शिवाय जिनीव्हाहून लंडन जेमतेम साडेसातशे किलोमीटर आहे. तेव्हा कैरोचा थांबा मुख्यतः पल्ल्याचा व जिनीव्हाचा मुख्यतः व्यापाराचा, असे अनुमान काढणे योग्य होईल. एकाच वेळापत्रकात दोन भिन्न प्रकारचे थांबे शेजारी शेजारी उभे आहेत.

थांब्यांच्या चर्चेत एक बाजू सहसा सांगितली जात नाही. प्रत्येक थांबा म्हणजे एक जादा अवतरण आणि एक जादा उड्डाण. आणि विमानास धोका असतो तो विशेषतः याच दोन वेळी. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच ‘मलबार प्रिन्सेस’ कैरोहून जिनीव्हाकडे येत असता माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि त्यातील ४८ जण मृत्यू पावले. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान दिल्ली व बैरूतमार्गे येऊन जिनीव्हास उतरण्याच्या बेतात असता त्याच पर्वतावर नष्ट झाले. त्या ११७ मृतांत डॉ. होमी भाभा होते. या अपघातांची कारणे थांब्याच्या निवडीत शोधणे अन्यायाचे होईल. तथापि थांबा निवडताना भाडे, वेळ व प्रवाशांची संख्या यांच्या हिशेबात पर्वत, धुके व उतरणीचा मार्ग यांनाही रकाना असला पाहिजे, हे या दोन दुर्घटना विसरू देत नाहीत.

७. जेट युग : गळालेले आणि उरलेले थांबे

जेट विमानांचा पल्ला वाढत गेला तशी थांब्यांची यादी आखूड होत गेली. १९२९ मध्ये अलेक्झांड्रिया व कराची यांच्यामध्येच आठ-नऊ नावे होती. पुढे मुंबईहून लंडन एका उड्डाणात गाठणे ही नित्याची गोष्ट झाली. इराकी वाळवंटातील रुतबा, मकरान किनाऱ्यावरील ग्वादर, मेवाडातील राजसमंद ही नावे हवाई मार्गांच्या मुख्य प्रवाहातून गेली. शारजाचा जुना विमानतळही बंद झाला. तेथील विसावागृहात आता संग्रहालय आहे आणि धावपट्टीच्या जागी शहरातील रस्ता आहे.

असे असता काही थांबे टिकले कसे? अटलांटिक मार्गावरील आयर्लंडमधील शॅननचे उदाहरण येथे साहाय्यक ठरते. पश्चिमेकडे जाताना समोरच्या वाऱ्यांमुळे विमानांना महासागर ओलांडण्यापूर्वी तेथे इंधन भरावे लागे. ही निकड कायमची नाही हे ओळखून १९४७ मध्ये तेथे जकातमुक्त विक्रीची सोय करण्यात आली आणि १९५९ मध्ये विमानतळालगत औद्योगिक क्षेत्र उभारण्यात आले. विमान इंधनासाठी उतरते तोवर त्याला उतरण्याचे दुसरे कारण देऊन ठेवावयाचे, हा त्यामागील विचार होता.

हाच विचार अधिक मोठ्या प्रमाणावर दुबईने अमलात आणला. तेथील विमानतळ १९६० मध्ये सुरू झाला तेव्हा त्याची धावपट्टी दाबून घट्ट केलेल्या वाळूची होती. डांबरी धावपट्टी १९६५ मध्ये आली. २५ ऑक्टोबर १९८५ रोजी एमिरेट्स कंपनीची सेवा सुरू झाली. तिच्या पहिल्याच दिवसाची उड्डाणे कराची व मुंबई या शहरांकडे होती. ज्या किनाऱ्यावर कराचीकडे जाणारी विमाने नाइलाजाने उतरत, तेथूनच आता कराचीकडे व मुंबईकडे विमाने निघू लागली. पुढील काळात ही विमाने दुबईहून युरोप, आफ्रिका व अमेरिका येथवर न थांबता जाऊ लागली, आणि त्या दीर्घ पल्ल्यामुळेच दुबईस थांब्याचे महत्त्व आले. एके काळी विमानाच्या दुर्बलतेने किनाऱ्याला थांबा दिला होता. विमानाच्या सामर्थ्याने तोच थांबा जगाच्या चौकात नेऊन बसविला. मधल्या काळात जे बदलले ते उतरण्याचे प्रयोजन: पूर्वी पेट्रोल, नंतर एका विमानातून दुसऱ्यात जाणारा प्रवासी.

अनुमतीचा प्रश्न मात्र जुना झालेला नाही. शीतयुद्धाच्या काळात सैबेरियावरील आकाश पाश्चात्त्य कंपन्यांस बंद असल्यामुळे, २४ फेब्रुवारी १९५७ रोजी स्कँडिनेव्हियन कंपनीने कोपनहेगन–टोकियो सेवा ध्रुवमार्गाने अलास्कातील अँकरेज येथे थांबून सुरू केली. सैबेरियाचा मार्ग खुला झाल्यावर अँकरेजचा प्रवासी थांबा ओसरला. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर रशियाचे आकाश अनेक युरोपीय कंपन्यांस पुन्हा बंद झाले, तेव्हा हेलसिंकी–टोकियो हा सुमारे नऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. या वेळी अँकरेजला उतरण्याची गरज पडली नाही, कारण विमानांचा पल्ला वाढला होता. अनुमती नाकारण्याची शक्ती तीच. तिची किंमत मात्र पूर्वी थांब्याने चुकविली जाई, आता ती तासांनी व इंधनाने चुकविली गेली.

८. उपसंहार

मुंबईहून परदेशी जाणारा आजचा प्रवासी मध्ये कोठे उतरावयाचे हे भाडे, विमान बदलण्यास मिळणारा वेळ आणि व्हिसाची सोय पाहून ठरवितो. ही निवड त्याची आहे यात संशय नाही. तथापि ज्या पर्यायांतून तो निवड करतो, ते पर्याय त्याच्यापुढे येण्यापूर्वी दोन राष्ट्रांनी परस्परांच्या कंपन्यांस किती आसने द्यावयाची याचा करार केलेला असतो, कोणते आकाश खुले आहे हे ठरलेले असते, आणि एखाद्या विमानात किती भार घालून किती दूर जावयाचे याचा हिशेब झालेला असतो. प्रवाशाची निवड ही या साखळीतील अखेरची कडी आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास यातून दोन निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की थांब्यांच्या यादीतील बदल हे राजकीय इतिहासाचे विश्वसनीय, पण फारसे न वापरलेले साधन आहे. १९३२ चे ब्रिटिश व डच मार्ग शेजारी ठेवले, अथवा १९३२ व १९४८ मधील मुंबईचे स्थान ताडून पाहिले, तर जी गोष्ट कळण्यास अनेक दप्तरे चाळावी लागतील ती एका दृष्टिक्षेपात ध्यानी येते. दुसरा असा की थांब्यास मिळणारे महत्त्व हे बहुधा दुसऱ्याच्या अडचणीतून मिळालेले असते आणि ती अडचण दूर होताच ते जाऊ शकते. ग्वादर, राजसमंद आणि रुतबा यांना त्या मुदतीत दुसरे प्रयोजन लाभले नाही. शॅनन व दुबई यांनी ते निर्माण केले. भूगोलाने या सर्वांस संधी दिली होती. तिचे रूपांतर करण्याची साधने आणि सत्ता सर्वांच्या हाती सारखी नव्हती. राजसमंदच्या काठच्या लोकांना त्या थांब्याविषयी कोणी काही विचारले नव्हते. शारजाच्या शेखास निदान विचारावे तरी लागले. थांब्यांच्या इतिहासात हा फरक लहान नाही, आणि पुढील संशोधनाने त्याचा मागोवा अधिक बारकाईने घ्यावयास हवा.